रोजच्या वापरासाठी पाण्याची बाटली: निवडीपासून धुण्यापर्यंत

पहिली पायरी: घरातल्या बाटल्या मोजा

दुकानात जायच्या आधी एक काम करा. घरातल्या सगळ्या पाण्याच्या बाटल्या ओट्यावर मांडा. फ्रिजमधल्या, दप्तरातल्या, गाडीच्या दारात अडकवलेल्या, वाढदिवसाला भेट आलेल्या आणि खोक्यातून कधी बाहेरच न आलेल्या. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात अशा अकरा निघाल्या. माणसं चार. त्यातल्या तीन अगदी धडधाकट होत्या, फक्त झाकणातली रिंग गेलेली. दोन स्टीलच्या बाटल्या 'वास येतो' म्हणून मागे पडल्या होत्या. तो वास स्टीलचा नव्हता, रिंगेखाली साचलेल्या बुरशीचा होता.

निसर्गाचा विचार करून बाटली घ्यायची असेल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. लोखंड, क्रोमियम, निकेल किंवा तांबं खाणीतून काढायचं, वितळवायचं, त्याचा पत्रा करायचा आणि मग बाटली घडवायची. यात जेवढा कोळसा आणि वीज जाते, ती विकतच्या पाण्याच्या एका पातळ बाटलीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. धातूची बाटली शेकडो वेळा भरली गेली तरच हा खर्च फिटतो. दर जूनला शाळा सुरू होताना नवा रंग, नवं चित्र म्हणून नवी बाटली घेतली तर तो कधीच फिटत नाही.

तेव्हा आधी दुरुस्ती. सिलिकॉनची रिंग भांड्यांच्या दुकानात किंवा कुकरची दुरुस्ती करणाऱ्याकडे मापाने मिळते. जुनी रिंग सोबत न्या. एवढं करूनही बाटली कमी पडत असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: आत काय भरणार ते ठरवा

दुकानदार विचारतो, 'किती लिटरची?' त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: त्यात काय जाणार?

कळकणं हा शब्द जुन्या घरांतल्या बायकांच्या तोंडी रोज असायचा. पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, आमटी राहिली की ती कळकते. चव तुरट होते, कडेला हिरवट झाक येते आणि खाणाऱ्याला मळमळतं. आंबटातलं आम्ल भांड्यातलं तांबं विरघळवतं, एवढंच त्यामागचं रसायन. त्यासाठीच दारावर कल्हईवाला यायचा आणि तापलेल्या पातेल्याला आतून कथलाचा हात फिरवून द्यायचा.

माझ्या आजीचा फिरकीचा पितळी तांब्या होता, झाकण फिरवून घट्ट बसणारा. एसटीने पंढरपूरला जाताना तो तिच्या मांडीवर असायचा. त्यात तिने पाण्याशिवाय कधी काही भरलं नाही. सरबत न्यायचं असेल तर काचेची बाटली फडक्यात गुंडाळून घ्यायची. तिला आम्ल हा शब्द माहीत नव्हता, पण कुठलं भांडं कशाला चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाटली निवडताना मी आजही तिथूनच सुरुवात करते.

साधं पाणी कुठल्याही चांगल्या बाटलीत चालतं. लिंबू सरबत, कोकम, सोलकढी, ताक न्यायचं असेल तर चांगलं स्टील किंवा काच, आणि तेही त्याच दिवशी संपवायचं. गरम पाणी, चहा, काढा यांना स्टील. प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतायचं नाही, तिच्यावर काहीही छापलेलं असो.

दुधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लहान मुलांच्या बाबतीत ही चूक फार होते. सकाळी सहाला थर्मासमध्ये भरलेलं गरम दूध दुपारी बाळाला देऊ नका. थर्मास उष्णता धरून ठेवतो, पण दूध हळूहळू कोमट होतंच, आणि कोमट दुधात जंतू सगळ्यात झपाट्याने वाढतात. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी न्या, पावडरचं दूध असेल तर ते आयत्या वेळी कालवा. ताकाचीही एक खोड आहे. उन्हात ते आंबत राहतं, वायू धरतो आणि घट्ट झाकण उघडताना फवारा उडतो. सोडा किंवा शीतपेय तर बंद थर्मासमध्ये भरूच नये.

तिसरी पायरी: बाटली कशाची?

आधी प्लास्टिक, कारण सगळ्यांच्या घरात तेच आहे.

विकतच्या पाण्याची रिकामी बाटली पुन्हा पुन्हा भरणं हा काटकसरीचा मार्ग वाटतो. आमच्या घरीही फ्रिजच्या दारात वर्षानुवर्षं अशाच बाटल्या होत्या. पण ती बाटली एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. पत्रा पातळ, तोंड अरुंद, आत ब्रश जात नाही. दाबल्या-चेपल्याने आतून बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. हे प्लास्टिक, म्हणजे पेट, बनवताना अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात. पाणी तापलं की ते बाटलीतून उतरण्याचं प्रमाण वाढतं. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिलेल्या बाटलीतलं पाणी झाडाला घाला.

विकतच्या ताज्या बाटलीची बाजूही फार भक्कम नाही. कोलंबिया आणि रटगर्स या अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. एका लिटरमध्ये त्यांना सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण मोजता आले, आणि त्यातले सुमारे ९० टक्के अतिसूक्ष्म, नॅनो आकाराचे होते. हे कण शरीरात नेमकं काय करतात याचा अभ्यास सुरू आहे. पण ते आपल्या मुलांच्या पोटात रोज जावेत असं मला वाटत नाही.

पुन्हा वापरायची प्लास्टिकची बाटली घ्यायचीच असेल तर ती उलटी करा. तळाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. हा त्रिकोण म्हणजे 'ही बाटली पुन्हा वितळवली जाते' अशी हमी नव्हे. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पेट. २ आणि ५ पाण्यासाठी त्यातल्या त्यात बरे. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दुधी रंगाचं, डबे आणि झाकणं बहुतेक त्याचीच. ३ आणि ६ टाळा. ७ म्हणजे 'इतर', आणि घोळ इथे आहे. त्यात ट्रायटनसारखं, बीपीए हे रसायन नसलेलं प्लास्टिकही येतं आणि काचेसारखं स्वच्छ, कडक पॉलिकार्बोनेटही येतं. नुसता ७ असेल आणि पुढे काहीच लिहिलेलं नसेल तर बाटली परत ठेवा.

बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए, हा पॉलिकार्बोनेटचा घटक. शरीरात तो इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखा वागतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एका झटक्यात २० हजार पटींनी खाली आणली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर बंद करायचा निर्णय घेतला. आपल्याकडे आता जवळपास प्रत्येक बाटलीवर 'बीपीए फ्री' छापलेलं दिसतं. ते असावंच, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. बीपीएच्या जागी काही ठिकाणी बीपीएस हा त्याचा भाऊबंद वापरला गेला आणि त्याचे गुण फारसे वेगळे नाहीत. स्टीलच्या बाटलीवर तर या शब्दांना फक्त झाकणापुरता अर्थ आहे.

प्लास्टिकची बाटली कधी टाकायची? धुरकट झाली, आतून चरे दिसायला लागले, साबणाने धुऊनही वास राहिला, यातलं एकही दिसलं की तिचा पाण्यासाठीचा वापर संपला.

आता स्टील. मला कोणी एकच बाटली सुचव म्हटलं तर मी एकेरी पत्र्याची, रुंद तोंडाची, स्टीलच्या झाकणाची साधी बाटली सांगते. वजनाला हलकी, पडली तर पोचा येईल पण फुटणार नाही, आतून रंग नाही की लेप नाही. शेवटी भंगारात गेली तरी धातू वाया जात नाही.

पण स्टील म्हणजे एकच वस्तू नव्हे. खाण्यापिण्यासाठी सर्वसाधारणपणे चांगलं मानलं जाणारं ३०४ जातीचं स्टील १८/८ असंही लिहितात: सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्याशिवाय थोडं मॉलिब्डेनम असतं. ते खाऱ्या हवेला आणि मिठाला जास्त टिकतं, पण रोजच्या पाण्यासाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. स्वस्त बाटल्यांत २०१ किंवा २०२ असतं, ज्यात महागड्या निकेलची बरीचशी जागा मँगनीज घेतं. असली बाटली दुसऱ्या दिवशी विष होते असं नाही. मात्र मीठ-लिंबाचं सरबत आणि दमट हवा यांत तिला लवकर बारीक खड्डे पडतात, तळाशी गंज दिसतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं.

'चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४' हे दुकानात हमखास ऐकू येतं. ही परीक्षा कामाची नाही. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ चा पत्रा ओढून, दाबून बाटली बनवताना गळ्याशी नि तळाशी किंचित चिकटू शकतं. चुंबक पूर्ण पकडलं तर ते निकेल नसलेलं साधं स्टील आहे, एवढंच त्यातून कळतं. मोठ्या भंगार व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून जात ओळखायचं द्रावण असतं. आपल्या हातात असतं ते म्हणजे बाटलीवरची ठोकलेली खूण आणि पक्कं बिल. बिलावर '३०४' लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदाराने टाळाटाळ केली तर मी ती बाटली घेत नाही.

दुहेरी भिंतीची थर्मास बाटली, दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली, चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा रात्रपाळी करणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे. बाकीच्यांनी थांबून विचार करावा. एक लिटरची अशी बाटली रिकामीच अर्धा किलोच्या आसपास भरते, त्यात एक किलो पाणी, आणि हे सगळं तिसरीतल्या मुलाच्या पाठीवर. किंमतही साध्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट. पाणी थोडं थंड राहावं एवढंच हवं असेल तर साध्या स्टीलच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळा. शेतावर जाणारी माणसं बाटलीला ओलं गोणपाट बांधतात, ते याचसाठी. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं.

थर्मास घेतलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही थर्मासच्या तळाशी हवाबंद करण्यासाठीचा डाग, म्हणजे झाळलेला थेंब, शिशाचा असतो आणि त्यावर स्टीलची चकती बसवलेली असते. पाण्याशी त्याचा संबंध येत नाही, पण ती चकती निखळली तर बाटली, विशेषतः लहान मुलाच्या हातातली, बंद करा. दुसरं, पडून पडून भिंतींमधली पोकळी निकामी होते. उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं तर ती आता थर्मास राहिली नाही. साध्या पाण्याला मात्र अजून चालेल.

तांब्याच्या बाटल्यांबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. एकीकडे सगळे रोग बरे होतात, दुसरीकडे ते विष आहे. दोन्ही खरं नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी खोलीच्या तापमानाला तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं तर ते जंतू उरत नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, बरंच आत राहतं. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची कमाल मर्यादा याहून कडक आहे, लिटरला १.५ मिलिग्रॅम. म्हणजे रात्री भरून सकाळी प्यायची रीत वाजवी आहे. पण हा प्रयोग १६ तासांचा होता. नळाचं गढूळ पाणी तांब्याच्या बाटलीत भरून तासाभरात 'शुद्ध झालं' म्हणून पिऊ नका. पावसाळ्यात पाणी उकळायला पर्याय नाही.

तांब्याच्या बाटलीत फक्त साधं, गार पाणी. लिंबाची फोड नाही, सब्जा-सरबत नाही, गरम पाणी नाही. दिवसभर फक्त तेच पाणी पिण्याचीही गरज नाही. सकाळचे एक-दोन पेले पुरे. लहान बाळांना ते देऊ नये. विल्सनचा आजार, ज्यात शरीर जास्तीचं तांबं बाहेर टाकू शकत नाही, तो असणाऱ्यांनी या बाटलीपासून पूर्ण दूर राहावं.

घेताना बाटलीच्या आत उजेड टाकून बघा. आतूनही तोच लालसर रंग हवा. बाहेर तांब्याचा मुलामा आणि आत स्टील असलेल्या बाटल्या 'कॉपर' म्हणून सर्रास विकल्या जातात. आतून चकचकीत लाखेचा थर असेल तर पाणी तांब्याला लागतच नाही, मग पैसे कशाचे दिले? हाताला वजन लागलं पाहिजे. पुण्यात असाल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन एकदा ठोक्याचं काम बघा. मशीनची बाटली आणि हाताने घडवलेला तांब्या यांतला जाडीचा फरक तिथे लगेच कळतो, आणि तांबट दुरुस्तीही करून देतात.

काच उत्तमच. तिच्यात काही उतरत नाही, वास धरत नाही, आत घाण असेल तर लगेच दिसते. घरात, फ्रिजमध्ये, ऑफिसच्या टेबलावर काच ठेवा. प्रवासाला किंवा शाळेत नको. बोरोसिलिकेट असेल तर गरम-थंड सोसते. साध्या काचेत फ्रिजमधून काढल्याबरोबर गरम पाणी ओतलं तर ती तडकते.

ॲल्युमिनियमची बाटली मी सुचवत नाही. तिला आतून लेप लागतोच, आणि तो लेप कशाचा हे ग्राहकाला कळत नाही. स्वित्झर्लंडच्या सिग या नावाजलेल्या कंपनीने २००९ मध्ये कबूल केलं होतं की ऑगस्ट २००८ पूर्वीच्या त्यांच्या बाटल्यांच्या लेपात बीपीए होतं. पोचा आला, लेप सुटला की तर प्रश्नच नको.

मातीची बाटली विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी सुंदर गार करते. मुंबईच्या दमट हवेत तेवढी नाही, कारण तिच्या अंगावरचं पाणी उडतच नाही. घेतलीत तर बिनरंगाची, झिलई नसलेली घ्या. रंगीत झिलईत शिसं असू शकतं.

'बांबू बाटली'ला मात्र भुलू नका. बहुतेकांत बाहेर बांबूचं आवरण आणि आत स्टील असतं. तिथे फसवणूक नाही, पण धुताना बांबूला बुरशी येते. 'बांबू फायबर'चे पेले आणि बाटल्या याहून वेगळ्या: बांबूची भुकटी मेलामाइनच्या रेझिनमध्ये, म्हणजे एका जातीच्या कडक प्लास्टिकमध्ये, घट्ट केलेली. गरम पेयाने त्यातून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड सुटू शकतं. युरोपात अशा वस्तूंवर २०२१ मध्ये मोहीमच काढली गेली.

चौथी पायरी: तोंड आणि झाकण

खराब बाटल्या बहुतेक वेळा झाकणापायी खराब होतात.

हात किंवा निदान ब्रश आत जाईल एवढं तोंड हवं. पण आपल्याकडे अनेकांना तोंड न लावता वरून पाणी प्यायची सवय असते, आणि एकाच बाटलीतून चौघं पिणार असतील तर ती सवय चांगलीच आहे. फार रुंद तोंडाच्या बाटलीतून वरून प्यायला गेलं की पाणी छातीवर. अशांनी मोठ्या झाकणाच्या आत छोटं झाकण असलेली, दोन टप्प्यांत उघडणारी बाटली बघावी: धुवायला रुंद, प्यायला अरुंद.

मुलांना स्ट्रॉची बाटली आवडते. नळी, चोच, झडप, स्प्रिंग असे तिचे चार-पाच भाग होतात आणि प्रत्येकात ओल राहते. दुकानातच झाकण पूर्ण सुटं करून बघा. जो भाग सुटत नाही तो कधीच धुतला जाणार नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला झाकण स्वतःच्या हाताने उघडता-लावता येतं का, हे त्याला सोबत नेऊन बघा. बरीच मुलं झाकण उघडत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि भरलेली बाटली घरी आणतात.

शाळेसाठी ५०० ते ७५० मिली, ऑफिससाठी जिथे पाणी भरता येतं तिथे तेवढीच पुरते. सह्याद्रीत गडावर जाताना मात्र माणशी दोन-तीन लिटर लागतं. एका मोठ्या बाटलीऐवजी दोन एक-एक लिटरच्या नेल्या तर एक फुटली-सांडली तरी दुसरी राहते.

पाचवी पायरी: दुकानात उभं राहून

तांबं, स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे भारतीय मानक आहे, आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते बंधनकारक झालं. म्हणून आयएसआयची खूण शोधा. खरी खूण तीन भागांत असते: वर मानकाचा क्रमांक, मध्ये आयएसआयचं चिन्ह, खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह छापलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचं बीआयएस केअर हे ॲप घ्या, परवाना क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि कुठल्या वस्तूसाठी परवाना आहे ते तिथेच दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. मी दुकानात उभी राहून करते, आणि दुकानदार आता स्वतःहून मला क्रमांक दाखवतो.

मग झाकण उघडून वास घ्या. प्लास्टिकचा किंवा रंगाचा उग्र वास येत असेल तर नको. आतून बोट फिरवा, सांधा खरखरीत लागता कामा नये. दुकानदाराकडून पाणी भरून घ्या, झाकण लावा आणि बाटली मिनिटभर आडवी-उलटी धरा. लोकलच्या गर्दीत लॅपटॉपच्या शेजारी ती कशी वागेल हे तिथेच कळेल. आणि त्याच झाकणाची रिंग सुटी मिळते का, हे विचाराच.

सहावी पायरी: पहिली धुणी आणि रोजची

नव्या स्टीलच्या बाटलीत पॉलिशची पूड राहिलेली असते. स्वच्छ फडक्याला थोडं गोडं तेल लावून आतून, विशेषतः गळ्याशी, पुसा. फडकं काळं होईल. ते काळं येणं थांबेपर्यंत पुसा, मग साबण आणि गरम पाण्याने धुऊन, एक चमचा खायचा सोडा घातलेलं गरम पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खळखळून काढून टाका.

रोज रात्री बाटली रिकामी करायची. साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवायचा, झाकण वेगळं धुवायचं आणि दोन्ही उघडी, उपडी ठेवून पूर्ण वाळू द्यायची. ओल्या बाटलीला झाकण लावून ठेवणं हेच वासाचं मूळ. 'आत पाणीच तर होतं' म्हणून नुसती विसळली तर ओठांवरचे जंतू आणि लाळ आतच राहतात. दोन दिवसांनी आतल्या भिंतीवर बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं.

आठवड्यातून एकदा सिलिकॉनची रिंग काढा. टाचणीची बोथट बाजू किंवा चमच्याचं टोक पुरतं. खाली काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. रिंग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. ठिपके गेले नाहीत तर नवी घाला.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे आत पांढरा थर धरतो. तो क्षारांचा असतो. अर्धी बाटली कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा थोडं लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवलं की सुटतो. हे स्टील आणि काचेसाठी. तांब्याची बाटली चिंच किंवा लिंबू-मीठ लावून चोळा आणि आंबटपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. तांब्यावरचे तपकिरी डाग फक्त हवेमुळे पडतात, त्यांची भीती नको. निळा-हिरवा थर दिसला तर मात्र घासून काढल्याशिवाय पाणी भरू नका.

स्टीलला ब्लीच लावायचं नाही, त्यातल्या क्लोरिनने खड्डे पडतात. तारेची घासणी नको. आणि कुठलीही भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काच फुटते, थर्मासची आतली भिंत वाकते.

सातवी पायरी: बाटली जुनी झाली की

स्टील आणि तांबं भंगारवाला किलोने घेतो, तांब्याला तर चांगला भाव येतो. देताना झाकण, रिंग, कापडी कव्हर काढून वेगळं करा. मिश्र वस्तू असली की ती कचऱ्यात जाण्याची शक्यता वाढते. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर तांबड्या पेनाने लिहून, सुक्या कचऱ्यात वेगळी द्या. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला ती लागू नये.

आमच्या अकरा बाटल्यांपैकी तीन नव्या रिंगेने चालू झाल्या, दोन धुऊन वापरात आल्या. चार पेटच्या होत्या, त्या भंगारात दिल्या. एका प्लास्टिकच्या बाटलीत आता झाडांना घालायचं पाणी असतं. अकरावी तांब्याची होती. तिच्या आतला लाखेचा थर अर्धा सुटलेला दिसला, म्हणून तीही भंगारवाल्याच्या तराजूत गेली. नवी एकही घेतली नाही.